कंपनी बदलते, हृदय तेच राहते

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारचे दीड वाजत आले होते, ओपीडीतली गर्दी ओसरली होती. शेवटच्या चारपाच रुग्णांत एक गृहस्थ होते. ताठ चाल, कडक इस्त्रीचा शर्ट. सरकारी रुग्णालयाच्या बाकावर दोन तास नंबरची वाट पाहणाऱ्यांपैकी ते वाटत नव्हते. केसपेपरवर वय ६१ आणि व्यवसायाच्या जागी 'निवृत्त' लिहिले होते. रक्तदाब मोजला, १६४/१००. दहा मिनिटे बसवून पुन्हा मोजला, १६०/९८.

"डॉक्टर, औषध द्या, पण कागदावर काही लिहू नका," ते म्हणाले.

"का बरं?"

"तीन आठवड्यांनी माझं मेडिकल आहे."

मग उलगडा झाला. ते वैमानिक होते. एका विमान कंपनीतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात दुसऱ्या कंपनीत कॅप्टन म्हणून रुजू झाले. करार एक वर्षाचा, दरवर्षी नव्याने. सहा महिने आधीपासून सकाळी डोके जड व्हायचे. पण कंपनीच्या डॉक्टरकडे जायचे नाही, ओळखीच्या खासगी डॉक्टरकडेही नाही, कारण बातमी फुटली तर? म्हणून घरापासून लांबच्या सरकारी रुग्णालयात, केसपेपर काढून.

त्या दिवशी आमच्यात काय ठरले ते शेवटी सांगतो. निवृत्त वैमानिकांनी दुसऱ्या कंपन्यांसाठी उडत राहावे का, हा प्रश्न सध्या जगभर चर्चेत आहे. ही चर्चा बहुतेक वेळा एका आकड्याभोवती फिरते, ६०, ६५ की ६७. माझ्यासमोर बसलेल्या माणसाचा प्रश्न मात्र त्या आकड्यात मावत नव्हता.

दोन वेगळी वये

आधी एक घोळ दूर करू. वैमानिकाला दोन निवृत्तिवये असतात. एक कंपनीचे, दुसरे कायद्याचे. कंपनीचे वय नोकरीच्या नियमांत लिहिलेले असते. एअर इंडियात वर्षानुवर्षे ते ५८ होते. कायद्याचे वय मात्र परवान्याशी जोडलेले असते, आणि दोन वैमानिकांच्या प्रवासी विमानासाठी ते ६५ आहे. या दोन वयांमधली सात वर्षे म्हणजेच आजचा विषय. या काळात माणूस कंपनीसाठी 'निवृत्त' असतो, पण कायद्याच्या दृष्टीने सक्षम असतो. साहजिकच तो दुसऱ्या कंपनीच्या दारात उभा राहतो आणि ती कंपनी त्याचे स्वागत करते.

कारण सोपे आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, पण कॅप्टन होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो त्याला किमान १,५०० तास हवेत. प्रत्यक्षात कॅप्टनच्या खुर्चीत बसेपर्यंत बरीच वर्षे जातात. निवृत्त कॅप्टन तयार मिळतो. त्याच जातीचे विमान असेल तर थोड्या प्रशिक्षणात तो कामाला लागतो.

गरजही आहे. देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या २०२४ साली १६ कोटींच्या पुढे गेली. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि विमानतळांवर लोक जमिनीवर झोपलेले आपण पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते आणि त्यांच्यासाठी लागणारे वैमानिक कंपनीच्या रोस्टरमध्ये पुरेसे नव्हते. त्याआधी ऑगस्ट २०२५ मध्ये एअर इंडियाने आपल्या वैमानिकांचे निवृत्तिवय ५८ वरून ६५ केले. घरचा कॅप्टन प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यापेक्षा घरीच राहिलेला बरा, असा त्याचा साधा अर्थ. त्याच वर्षी विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, आयाटाने, कायद्याची मर्यादाच ६५ वरून ६७ करण्याचा प्रस्ताव मांडला. संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, माँट्रिअलच्या अधिवेशनात तो मान्य झाला नाही. पण तो पुन्हा येईल, हे नक्की.

साठ आले कुठून?

अनेकांना वाटते की ही वये डॉक्टरांनी ठरवली. तसे नाही. अमेरिकेने १९५९ च्या अखेरीस नियम केला आणि १९६० पासून ६० वर्षांवरील वैमानिकांना मोठ्या प्रवासी विमानांत बंदी घातली. तेव्हा जेट विमाने नवी होती आणि जुने वैमानिक पंख्याच्या विमानांवर वाढलेले. कंपन्या आणि वैमानिक यांच्यात निवृत्तीवरून वादही चालू होते. एका वाढदिवसाला माणूस अपात्र कसा होतो, याचा वैद्यकीय पुरावा तेव्हा फारसा नव्हता.

पुढे नोव्हेंबर २००६ मध्ये आयकाओने ही मर्यादा ६५ केली, पण एका अटीवर: एक वैमानिक साठीच्या पुढचा असेल तर दुसरा साठीच्या आतला हवा. अमेरिकेने डिसेंबर २००७ मध्ये ६५ स्वीकारले. २०१४ मध्ये आयकाओने ती जोडीची अटही काढली. विमानात एकच वैमानिक असेल तर मात्र मर्यादा आजही ६० आहे. जपानने २०१५ मध्ये आपली मर्यादा ६७ वर्षांपर्यंत नेली. वैमानिकांची टंचाई हेच कारण होते.

युरोपात हा वाद न्यायालयात गेला. लुफ्थान्सामध्ये करारानुसार ६० व्या वर्षी वैमानिकांना घरी बसवले जात असे. कायदा ६५ पर्यंत परवानगी देत असताना ६० ला थांबवणे हा वयावरून केलेला भेदभाव आहे, असे युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले. त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये ६५ ची मर्यादा मात्र योग्य ठरवली. म्हणजे रेषा हवी हे सर्वांना मान्य आहे, ती कुठे आखायची हा प्रश्न आहे. आणि रेषा सरकते ती बहुधा वैमानिक कमी पडू लागले की.

एक टक्क्याचे गणित

मग वैद्यकशास्त्र काय म्हणते? विमानवैद्यकात 'एक टक्क्याचा नियम' प्रसिद्ध आहे. एखाद्या वैमानिकाला पुढच्या वर्षभरात अचानक हतबल करणारा आजार, म्हणजे हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा फीट, येण्याची शक्यता १ टक्क्याच्या आत असेल, तर त्याने दोन वैमानिकांचे विमान चालवायला हरकत नाही, असा त्याचा आशय.

एकच टक्का का? वर्षात ८,७६० तास असतात. वर्षाला १ टक्का धोका म्हणजे एका तासाला साधारण १० लाखांत एक. तासाभराच्या प्रवासात खरी नाजूक वेळ विमान वर जाताना आणि खाली येताना असते, सुमारे सहा मिनिटे, म्हणजे एक दशांश. त्या वेळी कॅप्टन कोसळला तरी शेजारी दुसरा वैमानिक असतो. सिम्युलेटरमध्ये याचाच सराव त्याने केलेला असतो. शंभरात ९९ वेळा तो विमान सांभाळील असे धरले जाते. १० लाख गुणिले १०, गुणिले १००. हिशेब १०० कोटी तासांत एक अपघात इथवर येतो.

या गणितातला सर्वात मोठा आधार वय नाही, शेजारची दुसरी खुर्ची आहे. जून २००९ मध्ये ब्रसेल्सहून न्यूअर्कला निघालेल्या विमानात ६० वर्षांचा कॅप्टन अटलांटिकवर मरण पावला. दोन सहकाऱ्यांनी विमान व्यवस्थित उतरवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिएटलहून इस्तंबूलला जाणाऱ्या विमानाचा ५९ वर्षांचा कॅप्टन वाटेत गेला, विमान न्यूयॉर्कला सुखरूप उतरले. दोन्हींत प्रवाशांना ओरखडाही आला नाही. खर्च वाचवण्यासाठी कॉकपिटमध्ये एकच वैमानिक ठेवण्याची चर्चा अधूनमधून डोके वर काढते. वयाच्या चर्चेपेक्षा मला तिची धास्ती जास्त वाटते.

साठीनंतर शरीरात काय होते

तरीही वय म्हणजे नुसता आकडा, असे म्हणणे डॉक्टर म्हणून मला जमणार नाही.

पहिले हृदय. साठीच्या आसपास सर्वसाधारण पुरुषाचा हृदयविकाराचा धोका त्या एक टक्क्याच्या रेषेजवळ येऊ लागतो. भारतीयांसाठी सूचना आणखी कडक. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतरांना सुमारे ५९ व्या. पलंगावर झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत, असे होत नाही. आमच्याकडे सकाळी नॉर्मल ईसीजी घेऊन गेलेला रुग्ण रात्री अटॅक घेऊन आलेला प्रत्येक डॉक्टरने पाहिला आहे.

दुसरे डोळे. चाळिशीचा चष्मा सर्वांनाच लागतो, त्याने परवाना जात नाही. पण मोतीबिंदूच्या सुरुवातीला रात्री समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात आणि अंधाराला सरावायला डोळ्यांना वेळ लागतो. पावसाळी रात्री ओल्या धावपट्टीवर उतरताना ही गोष्ट लहान राहत नाही.

तिसरी झोप, आणि माझ्या मते हीच सर्वात दुर्लक्षित. वय वाढते तशी गाढ झोप कमी होते, मध्येच जाग येते आणि शरीराचे घड्याळ पुढे सरकते. संध्याकाळी लवकर पेंग येते, पहाटे लवकर जाग. तिशीतला माणूस रात्रपाळीनंतर दुपारी सहा तास झोपू शकतो, साठीतला झोपू शकत नाही. लांब पल्ल्याच्या प्रवासानंतर घड्याळ जुळायलाही त्याला जास्त दिवस लागतात.

चौथा मेंदू. इथे चित्र थोडे सुखावह आहे. 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात २००७ मध्ये ४० ते ६९ वयाच्या ११८ वैमानिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना तीन वर्षे सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा तपासले होते. वयाने मोठे असलेले सुरुवातीला थोडे मागे होते. पण समोरून येणाऱ्या विमानाला चुकवण्याच्या कामात कालांतराने त्यांची घसरण तरुणांपेक्षा कमी झाली, आणि ज्यांचे प्रशिक्षण व अनुभव जास्त, ते अधिक टिकून राहिले. हात किंचित मंदावतो, पण कुठे लक्ष द्यायचे हे ठाऊक असते. जानेवारी २००९ मध्ये दोन्ही इंजिने बंद पडलेले विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवून १५५ जणांना वाचवणारे कॅप्टन सलनबर्गर तेव्हा ५७ वर्षांचे होते. आपल्या जुन्या नियमाने त्यांच्या निवृत्तीला एक वर्षही उरले नसते.

मोठे धक्के तरुणांकडूनही

आता उलट बाजू पाहा. जून १९७२ मध्ये लंडनजवळ स्टेन्स इथे ट्रायडेंट विमान कोसळून ११८ जण गेले. कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या गंभीररीत्या खराब झालेल्या आढळल्या. त्याचे वय ५१. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या नागपूर विमानतळावर पुण्याला निघालेला वैमानिक बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि गेला. वय अवघे ४०. मार्च २०१५ मध्ये आल्प्समध्ये जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने मुद्दाम डोंगरावर घातले, १५० जण गेले. तो २७ वर्षांचा होता. मानसिक आजारासाठी तो डॉक्टरांकडे जात होता, काम करण्यास अयोग्य असल्याची चिठ्ठी त्याला मिळाली होती, पण ती त्याने कंपनीपासून लपवली.

या तिघांत वय समान नाही. स्टेन्सच्या कॅप्टनचा आजार तपासणीत सापडला नाही, जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने तो दडवला. प्रवाशाच्या दृष्टीने परिणाम एकच: ज्यांना कळायला हवे त्यांना कळले नाही.

लपवण्याला भाग पाडणारा करार

इथे मी माझ्या रुग्णाकडे परत येतो. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३,७६५ वैमानिकांनी भाग घेतला. त्यांच्यापैकी ५६ टक्के जणांनी कबूल केले की मेडिकल जाईल या भीतीने त्यांनी कधी ना कधी उपचार टाळले, लक्षणे सांगितली नाहीत किंवा माहिती दडवली. हे सगळ्या वयांचे वैमानिक होते. आता यात एक वर्षाचा करार मिसळा.

कायम नोकरीतल्या वैमानिकाला आजारपणाची रजा असते, जमिनीवर बसावे लागले तर काही काळ पगार असतो, परवाना गमावल्यास विम्याचा आधार असतो. निवृत्तीनंतर करारावर आलेल्याकडे यातले काय आणि किती उरते हे त्या करारावर अवलंबून. माझ्या रुग्णाला उडलेल्या तासांवर पैसे मिळत होते. उडणे बंद, पैसे बंद. सहा आठवडे जमिनीवर राहिलो तर पुढच्या वर्षी करार होईल की नाही, ही धास्ती वेगळीच. धाकटी मुलगी परदेशात शिकत होती, घराचे हप्ते संपायचे होते. असा माणूस डोके जड होते हे कुणाला सांगेल?

तपासणीची व्यवस्था आपल्याकडे कमी नाही. एरवी वर्षातून एकदा असणारे मेडिकल साठीनंतर दर सहा महिन्यांनी होते. हवाई दलाच्या बेंगळुरू आणि दिल्लीच्या केंद्रांतले तज्ज्ञ उत्तम आहेत. पण सहामाही तपासणी म्हणजे एका सकाळचा फोटो. महिनाभर मीठ तोडून, चालून, वजन उतरवून त्या सकाळी नीट दिसता येते. परवान्याची फाईल कंपनी बदलली तरी नियामकाकडे असते. मात्र गेल्या दोन वर्षांत हा माणूस किती वेळा आजारी पडला, किती वेळा थकव्यामुळे ड्युटी नाकारली, ही रोजची माहिती जुन्या कंपनीच्या कपाटात राहते. नवी कंपनी टोपी देते, गणवेश देते, ओळखपत्र देते. हृदय मात्र जुनेच असते.

म्हणून ६५ की ६७ या वादाआधी काही गोष्टी व्हायला हव्यात असे मला वाटते.

साठीनंतरच्या प्रत्येक करारात आजारपणाच्या काळातले किमान वेतन आणि परवाना गमावल्याचा विमा बंधनकारक करावा. खरे बोलणाऱ्याला उपाशी राहावे लागणार नाही, एवढी हमी पुरे. कंपनी बदलताना आरोग्याचा आणि थकव्याचा इतिहास वैमानिकाच्या संमतीने नव्या कंपनीच्या डॉक्टरकडे जावा. तो व्यवस्थापनाकडे जाऊ नये. साठीनंतरच्या रोस्टरमध्ये मध्यरात्र ते पहाट ही वेळ शक्य तितकी टाळावी. नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि रात्री उतरण्याची संख्या सहावरून दोनवर आणली. ते नियम सर्वांसाठी योग्यच आहेत, साठीच्या वैमानिकासाठी तर अधिकच. डिसेंबरच्या गोंधळात इंडिगोला रात्रीच्या ड्युटीच्या नियमांत तात्पुरती सवलत दिली गेली. गर्दीपुढे झोप हरली, तर वयाचा कुठलाही आकडा आपल्याला वाचवणार नाही.

एक आक्षेप रास्त आहे. जुने कॅप्टन खुर्ची सोडत नाहीत म्हणून तरुण सहवैमानिकांची बढती अडते. लाखो रुपयांचे कर्ज काढून परवाना घेतलेली आणि नोकरीसाठी थांबलेली मुलेही आपल्याकडे आहेत. निवृत्त कॅप्टनचा उपयोग फक्त खुर्चीत बसवण्यापुरता न ठेवता सिम्युलेटरवर शिकवण्यासाठी केला, तर दोघांचेही भले होईल. तिथे वयाची अडचण नाही आणि रात्रीची ड्युटीही टाळता येते.

विमानाखालचे जग

हे लिहिताना एक गोष्ट मनातून जात नाही. वैमानिकाला निदान सहा महिन्यांनी कुणीतरी तपासते. एसटीतून निवृत्त झालेला चालक महिन्याभरात खासगी ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या गाडीवर बसतो, त्याचा रक्तदाब कोण मोजतो? परवाना नूतनीकरणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र कसे मिळते हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या व्यवसायातही सरकारी महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक खासगी महाविद्यालयात ७० पर्यंत शिकवतात, शस्त्रक्रियाही करतात. त्यांचे डोळे आणि हात कुणी तपासत नाही. मीही काही वर्षांत त्याच रांगेत असेन.

त्या दिवशी मी कॅप्टनसाहेबांना कागदाशिवाय औषध दिले नाही. सांगितले, की रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्या वैमानिकांना चालतात, थोडे दिवस जमिनीवर राहून गोळी सोसते का हे पाहिले की परत उडता येते. लपवलेला रक्तदाब मात्र एक दिवस स्वतःच बोलतो, आणि तो कुठे बोलेल हे आपल्या हातात नसते. ते काही न बोलता केसपेपर घेऊन गेले. राग आला असावा.

अडीच महिन्यांनी पुन्हा ओपीडीत आले. त्यांनी मेडिकलच्या वेळी सांगून टाकले होते. काही आठवडे घरी बसावे लागले, तेवढे पैसे गेले. रोज एक गोळी चालू होती. मी रक्तदाब मोजला, १२८/८०.

"परवापासून पुन्हा ड्युटी आहे," ते म्हणाले. "या वेळी लिहा."

मी लिहिले. मग विचारले, करार पुढे वाढला का? ते म्हणाले, "मार्चमध्ये कळेल."